अमावस्येचं ग्रीस

मुंबईहून जुन्या रस्त्यानं पुण्याकडं निघालं, की पनवेल सुटल्यावर आणि खोपोली यायच्या आधी आमचं चौक लागतं. डाव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका दिसतो, तिकडंच कर्जतला जाणारा फाटा फुटतो. माथेरान पाहिलेल्या लोकांना 'चौक पॉइंट' ठाऊक असतो. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट साहेब १८५० साली चौकला मुक्कामाला होता आणि इथूनच तो माथेरान चढून गेला, ही गोष्ट आमच्याकडं शाळेतली पोरंही सांगतात. साहेब एकदा आला आणि वर निघून गेला. गावाचं पोट मात्र भरलं ते खालच्या रस्त्यावर. त्या रस्त्यावरच्या गाड्यांचं आणि त्यांच्या तेलपाण्याचं मला थोडं सांगायचं आहे. त्यात माझी एक चूकही आहे.

बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता १८३० साली झाला. त्याआधी घाटातून बैलांच्या पाठीवरून माल जाई. पुढं १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ साली वरच्या अंगानं पुण्याहून खंडाळ्यापर्यंत. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत रेल्वेला ओलांडता आला नाही. तेवढी पाच वर्षं आगगाडीतून उतरलेली माणसं आणि माल पुन्हा घाटरस्त्यानंच चढत उतरत होती. रेल्वे झाल्यावर घाटातली बैलगाडी कमी झाली, पण खालच्या गावांतली गाडी थांबली नाही. गवत, पेंढा, भात, लाकूडफाटा स्टेशनापर्यंत न्यायला गाडीच लागे.

माझ्या आजाची अशी गाडी होती. गाडीच्या खाली बांबूचं एक नळकांडं टांगलेलं असायचं. त्यात वंगण. एरंडाचं तेल आणि जाळलेल्या चिंध्यांची काजळी एकत्र कालवून ते करायचे. आख आणि चाकाचा तुंबा यांच्यामध्ये ते घालायचं. कधी घालायचं याला वही नव्हती. लांबच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी चाक काढलंच पाहिजे, एवढा नियम. आणि मध्येच चाक कुरकुरायला लागलं तर जागेवर थांबून घालायचं. आजा म्हणायचा, "चाक रडलं तर गाडीवानाची अब्रू गेली." बैलगाडीचं एक बरं होतं, ती बोलायची. वंगण संपलं की अख्ख्या गावाला ऐकू जायचं.

ट्रक बोलत नाही. निदान वेळेवर तरी बोलत नाही. ज्या दिवशी आवाज येतो त्या दिवशी उशीर झालेला असतो.

१९५४ साली टाटांनी जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ कंपनीबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ पर्यंत होता. नंतर चांदणी गेली, तरी आमच्याकडचे जुने ड्रायव्हर पुढं कितीतरी वर्षं त्या गाडीला 'मर्सिडीज'च म्हणत. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अशीच एक लांब नाकाची जुनी गाडी हप्त्यानं घेतली. हिवाळा-उन्हाळ्यात विटा, गवताच्या गासड्या, भात. पावसाळ्यात झाकून ठेवलेल्या विटा आणि मिळेल ते भाडं.

गाडी घरी आली तेव्हा मिस्त्रीनं दादांना तिच्याखाली झोपवलं आणि एकेक जागा बोटानं दाखवली. पुढच्या चाकांचे किंगपिन, स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं, पाट्यांच्या शॅकलपिना, ब्रेकचे कॅम, गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंत जाणाऱ्या शाफ्टचे जॉइंट. प्रत्येक ठिकाणी हरभऱ्याएवढं एक पितळी किंवा लोखंडी टोक. तेच ग्रीस निप्पल. आमच्या गाडीला अशी सव्वीस निप्पलं होती. आत एक बारीक गोळी आणि स्प्रिंग असते. गनचा दाब आला की गोळी आत सरकते, ग्रीस आत जातं, दाब सुटला की गोळी परत तोंड बंद करते.

ग्रीस नुसतं गुळगुळीत करण्यासाठी नसतं, हे मला मिस्त्रीकडूनच कळलं. नवं ग्रीस आत गेलं की जुनं, काळं, चिखल-पाणी प्यायलेलं ग्रीस कडेनं बाहेर येतं. नवं कडेला दिसेपर्यंत मारायचं. मग तेच कडेला जमून बाहेरच्या पाण्याला आत येऊ देत नाही. किंगपिनला ग्रीस मारताना पुढचा आख जॅकवर उचलायचा, नाहीतर गाडीच्या वजनानं खालची फट दाबलेली राहते आणि ग्रीस वरच्या वर निघून जातं. हौसिंगचं नव्वद नंबरचं तेल बघायला बाजूचा नट काढून बोट आत घालायचं. बोटाला तेल लागलं तर ठीक. इंजिनचं मोबिल बदलायचं ते फेरीवरून आल्या आल्या, गरम असताना, म्हणजे मळ तेलाबरोबर उतरतो. थंड झाल्यावर तो तळाला बसून राहतो.

त्या काळी ग्रीसचेही प्रकार होते. चुन्याच्या साबणाचं ग्रीस पाण्याला टिकायचं पण तापलं की पातळ व्हायचं. सोड्याच्या साबणाचं ग्रीस उष्णतेला टिकायचं पण पाण्यानं धुऊन जायचं. म्हणून शॅकलला एक डबा, चाकाच्या बेअरिंगला दुसरा. डबे बदलले की घोटाळा. दोन्हीला टिकणारं लिथियमचं ग्रीस पुढं सगळीकडं रुळलं आणि दोन डब्यांचा एक डबा झाला.

आता हे सगळं करायचं कधी? कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर दिलेले होते. पण आमच्या गाडीचं मीटर ती घरी आली तेव्हाच बंद होतं आणि पुस्तक इंग्रजीत. मग दादांनी आपल्याकडचं पंचांग वापरलं. अमावस्येला आमच्या भागात बरेच ट्रकवाले गाडी धुतात, नारळ फोडतात, लिंबू-मिरची बदलतात. लांबचं भाडं शक्यतो घेत नाहीत. म्हणजे महिन्यातून एक दिवस गाडी उभी राहणार हे नक्की. त्यात दादांनी पुनव जोडली. अमावस्या-पुनव म्हणजे पंधरा दिवस. पंधरा दिवसांनी सगळी निप्पलं, महिन्यानं हौसिंगचं तेल बघायचं, ठराविक फेऱ्या झाल्या की मोबिल. १९७३ साली 'कालनिर्णय' निघालं आणि दोन-तीन वर्षांत ते आमच्याही भिंतीवर आलं. दादा त्यावर शिसपेन्सिलीनं 'ग्री', 'हौ', 'मो' लिहून ठेवत. आई एकादशी-संकष्टी बघायला यायची आणि म्हणायची, "देवांच्या मध्ये ह्यांचं तेल."

लोक याला अंधश्रद्धा म्हणतील. नारळ-लिंबाचं मी सांगत नाही. पण ज्या माणसाकडं चालू मीटर नाही, वाचता येईल असं पुस्तक नाही, आणि भाडं आलं की गाडी उभी ठेवायची हिंमत होत नाही, त्याला एक न टळणारा दिवस लागतो. पैशाच्या मोहापुढं न वाकणारा दिवस आमच्याकडं अमावस्येनंच दिला.

दादांची एक वहीही होती. उभे रकाने: तारीख, काम, कुणी केलं. काम झालं की बरोबरची खूण.

आमचा क्लिनर होता ठाकूरवाडीतला. माझ्याच वयाचा, फार तर एखादं वर्ष मोठा. मी शाळेत जायचो, तो गाडीवर. सुटीच्या दिवशी दोघं मिळून ग्रीस मारायचो. तो डाव्या अंगानं, मी उजव्या अंगानं, मधला शाफ्ट ज्याच्या वाट्याला येईल त्याचा. वहीत खूण मात्र मीच करायचो, कारण लिहिता मला येत होतं.

आणीबाणीचा काळ होता, मी नववीत होतो. त्या वर्षी ज्येष्ठातच पाऊस लागला. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. वीटभट्टीवरच्या वाटेनं गाडी पोटापर्यंत चिखलात जायची. ज्येष्ठातल्या अमावस्येला शाफ्टच्या मागच्या जॉइंटच्या निप्पलात ग्रीस जाईना. गन दाबली की ग्रीस बाजूनं बाहेर. गोळी गंजून अडकली होती. ते निप्पल काढून नवं बसवायचं, काम पाच मिनिटांचं, पण त्यासाठी दादांना सांगावं लागलं असतं. दादा म्हणाले असते, निप्पल वाईट होईस्तोवर झोपला होतास काय? मी ते सोडलं आणि वहीत खूण केली. आषाढी पुनवेला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आली ती आषाढातली अमावस्या, म्हणजे गटारी. घरात मटण शिजत होतं, उद्यापासून श्रावण. क्लिनर आपल्या वाडीत गेलेला. मी एकट्यानं गोणपाटावर पडून घाईघाईनं गन फिरवली, त्या निप्पलाकडं बघितलंही नाही. हात धुऊन वहीत खूण केली आणि जेवायला बसलो.

नारळी पुनवेला चार दिवस होते. गाडी लोणावळ्याला विटा घेऊन निघाली. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर चढतो. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजाला घाटाची वाट एका धनगरानं दाखवली आणि इंग्रजानं त्यालाच मारलं अशी त्याची कथा सांगतात. ड्रायव्हर तिथं नाणं टाकतो आणि पुढं जातो. आमच्या गाडीनंही टाकलं असणार. देवळाच्या पुढच्या चढावर खालून मोठा आवाज झाला. मागचा जॉइंट तुटला, शाफ्ट लोंबकळला आणि फिरता फिरता त्यानं ब्रेकचा पाइप तोडला. इंजिन सुरू, पण चाकांशी त्याचा संबंध उरला नाही. भरलेली गाडी मागं सरकायला लागली. क्लिनरनं उडी मारली आणि लाकडी ठोकळा मागच्या चाकाखाली सारला. गाडी थांबली. मागं एस.टी. उभी होती, ती वाचली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र ठोकळा आणि चाक यांच्यामध्ये गेली.

गाडी ओढून आणली तेव्हा मिस्त्रीनं तुटलेला क्रॉस दादांच्या हातावर ठेवला. ग्रीस लागलेला क्रॉस काळा, चकचकीत असतो. हा कोरडा होता आणि सुयांच्या बेअरिंगच्या जागी लाल भुकटी. गंज. दादांनी ती भुकटी चिमटीत घेऊन चोळली. घरात आले, वही काढली, तीन खुणा बघितल्या. मी दारात उभा होतो. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "वही खोटी असण्यापरीस नसलेली बरी. वही नसती तर मी तरी खाली बघितलं असतं."

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही. नंतर कळलं. खूण केली की मालकाचं लक्ष तिथून उठतं. चुकलेल्या तारखेची काळजी वाटते आणि माणूस खाली वाकतो. खोटी खूण ती काळजीच काढून घेते.

दवाखान्याचा खर्च दादांनी केला, क्लिनरला कामावरही ठेवलं. पण बोटं गेली ती त्याची, माझी नाही. मी परत शाळेत गेलो. गावात लोक म्हणाले, क्रॉस जुना होता, घाट वाईट, अमावस्या जवळ होती, शिंग्रोबाला नारळ द्यायचा राहिला. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

दादांच्या ओळखीचे एक फिटर एस.टी.च्या डेपोत होते. तिथलं काम त्यांनी दादांना समजावलं. एस.टी.त गाडीची रोजची पाहणी वेगळी, ठराविक दिवसांची देखभाल वेगळी, आणि गाडी कार्यशाळेत घेऊन करायचं डॉकिंग वेगळं. ड्रायव्हरनं गाडी परत आणली की काय बिघडलंय ते लिहून द्यायचं. दादांना त्यातली शेवटची गोष्ट पटली. त्यांनी वहीत नवा रकाना आखला: 'काय राहिलं'. आणि नियम केला, राहिलं असं लिहिणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. तो रकाना सलग रिकामा दिसला तर मात्र दादा स्वतः गोणपाट घेऊन खाली जात. प्रत्येक निप्पलाभोवती पिवळ्या रंगाचं वर्तुळ काढलं. ग्रीस एकानं मारायचं, कडेला नवं ग्रीस आलं का हे दुसऱ्यानं बोट लावून बघायचं, आणि दोघांनी खूण करायची. क्लिनरला लिहिता येत नव्हतं, तो अंगठ्यानं ग्रीसचा ठसा उठवायचा. ती वही अजून माझ्याकडं आहे. पानं तेलानं पारदर्शक झालीत.

त्यानंतर रस्ता बदलत गेला. परदेशी तेल कंपन्या सरकारनं घेतल्या, तेव्हा हायवेवरच्या पंपांच्या पाट्या बदलल्या. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनरचे लांब ट्रेलर दिसू लागले. फाट्याच्या आसपास ग्रीसिंगवाले, पाटेवाले, पंक्चरवाले, इलेक्ट्रिकवाले बसले. रात्री दोनलाही कुणाची तरी गन चालू असायची. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि लांबचा ट्रक गावात थांबायचा बंद होत गेला. घाट चढण्याआधी चौकला थांबून एकदा खाली बघून घ्यायची सवयही त्याच्याबरोबर गेली. १८३० च्या रस्त्यावरचा अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला, तेव्हा तो रस्ता कुणी बांधला याची आठवण निघाली. त्याच्यावर गाड्या कुणी चालत्या ठेवल्या याची कुठून निघणार?

गाड्याही बदलल्या. पूर्वी डिझेलमध्ये गंधक फार. ते जळून तेलात आम्ल तयार होई, म्हणून मोबिल लवकर बदलावं लागे. २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत दहा भाग एवढंच. तेलंही सुधारली. आता नव्या मोठ्या ट्रकला कंपनी ऐंशी हजार, लाख किलोमीटरपर्यंत तेल चालेल असं सांगते. कित्येक जॉइंट बंदिस्त आले, त्यांना निप्पलच नाही. हे चांगलंच आहे. पण डंपर, पाण्याचे टँकर, जुने ट्रेलर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांना निप्पलं आहेत आणि चिखलही तोच आहे. वर्षातून एकदा पासिंगला गाडी दाखवून उरलेल्या दिवसांची झीज थांबत नाही.

माझ्या पुतण्याचे दोन डंपर आहेत. त्याच्या मोबाइलवर तारीख येते, ड्रायव्हर 'झाले' वर बोट दाबतो, हिरवी खूण येते. मी त्याला विचारलं, "राहिलं असं दाबायला जागा आहे का?" तो म्हणाला, "काका, राहिलं तर दाबायचंच नाय." मी म्हटलं, "आणि न दाबल्यावर त्याला बोलणी कोण देतो?" तो हसला. आता बहुतेक गाड्यांवर क्लिनरही नसतो. दुसरं बोट लावून बघायला माणूसच नाही.

आमचा क्लिनर पुढं चांगला मिस्त्री झाला. आठ बोटांनी तो गिअरबॉक्स उतरवायचा. बरीच वर्षं फाट्याजवळ त्याची टपरी होती, आता मुलगा बघतो. दोन वर्षांपूर्वी गटारीच्या दिवशी मी त्याच्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं. तीन खुणा, अडकलेलं निप्पल, घाई. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी सांगताना सुद्धा माझा घसा कोरडा पडला.

तो बराच वेळ चहाच्या ग्लासाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ते निप्पल अडाकल्यालं मला बी ठावं व्हतं. तुज्या आदी मीच मारून बघितलं व्हतं त्याला."

"मग बोलला का नाहीस?"

"कुनाला बोलू? तुला बोललो असतो तर तू दादांना सांगनार. दादा बोलनार, फोडलंस कसं. त्या वर्साला माजी कामाची पयलीच येळ. म्हनलं, शेट पोरगा खून करतोय ना, मग असंल बरोबर."

मी काही बोललो नाही. त्यानं उजवा हात पुढं करून ग्लास उचलला.

थोड्या वेळानं एक ट्रॅक्टरवाला ट्रॉली घेऊन आला. त्याच्या मुलानं गन घेतली आणि खाली गेला. हा उठला, गुडघ्यावर हात देत वाकला आणि म्हणाला, "भायेर आलं का रं?" खालून आवाज आला, "एक जात नाय बाबा." हा म्हणाला, "मग तसं सांग त्याला. पयलं सांग, मग नवं बशीव."